‘टेन्शन नको घेऊ’ हे शरीराला ऐकू येत नाही

नागपुरात कोणालाही आपली अडचण सांगून पाहा, समोरच्याच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघतं, "टेन्शन नको घेऊ ना बे, होऊन जाते." पानठेल्यावर हेच, ऑफिसात हेच, लग्नाच्या पंगतीत ताटावर बसल्या बसल्याही हेच. मीसुद्धा आयुष्यभर लोकांना हेच म्हणत आलो आणि मनापासून म्हणत आलो. पण तीन वर्षांआधीच्या उन्हाळ्यात हे वाक्य माझ्या वाट्याला इतक्या वेळा आलं की मला कळून चुकलं, ते कानापर्यंत येतं आणि तिथंच थांबतं. पोटाला ते ऐकू येत नाही, छातीला येत नाही, झोपेला तर अजिबातच येत नाही.

झालं असं की मी ज्या खासगी कंपनीत हिशेबाचं काम बघायचो तिथं फेब्रुवारीचा पगार मार्च संपता संपता आला, मार्चचा अर्धा आला, आणि एप्रिलचा आलाच नाही. दर सोमवारी पुढच्या सोमवारचा वायदा. इकडे बेसा रोडवरच्या फ्लॅटचं कर्ज, दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता, मुलीच्या शाळेची फी तोंडावर. आणि मी घरी यातलं काहीच सांगितलं नाही. रोज सकाळी साडेनऊला डबा घेऊन निघायचो, संध्याकाळी येऊन भाजी छान झाली होती म्हणायचो, एक एफडी मोडून दोन हप्ते भरले तेही कोणाला कळू दिलं नाही. पैशाच्या टेन्शनपेक्षा ते लपवण्याचं टेन्शन मोठं असतं हे माझं आता पक्कं मत आहे, कारण पैशाचा विचार निदान झोपेत तरी थांबत असेल, पण चेहरा सांभाळण्याची ड्यूटी चोवीस तासांची असते.

सगळ्यात आधी हे कोणाला कळलं असेल? बायकोला नाही, आईला नाही, दातांच्या डॉक्टरांना. डावीकडची दाढ ठणकत होती म्हणून लक्ष्मीनगरला एका दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर बाईंनी तोंडात छोटा आरसा फिरवला, मग गालाच्या आतून बोट दाबत दाबत जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत नेलं आणि तिथं मी खुर्चीतून उडालोच. "कीड नाहीये," त्या म्हणाल्या, "रात्री दात खाता का तुम्ही?" मी नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी मोठा आरसा माझ्या हातात दिला. सुळ्यांची टोकं बोथट झालेली, खालच्या दातांच्या कडा सहाणेवर चंदन उगाळावं तशा घासून सपाट झालेल्या, आणि गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत एक पांढरी शिवण उमटलेली. सेहेचाळीस वर्षं मी ते दात रोज सकाळी घासत होतो आणि मला काही दिसलं नव्हतं. जे तोंड मी घरात उघडलं नव्हतं त्याच तोंडात सगळं लिहून ठेवलेलं होतं.

नंतर मग एकेक सुरू झालं. उजव्या डोळ्याची पापणी दिवसभर फडफडायची. जेवल्यावर पोटात दगड. रात्री अकराला झोप लागायची आणि तीनच्या ठोक्याला डोळे उघडायचे, कूलरचा घरघर आवाज, खसचा ओला वास, आणि छताकडे बघत मी मनातल्या मनात त्याच चार आकड्यांची बेरीज-वजाबाकी करत पडलेला. मे महिन्यातल्या एका अशाच रात्री छाती आवळल्यासारखी झाली, डाव्या हाताला मुंग्या, अंगाला दरदरून घाम, आणि नागपूरच्या मे महिन्यात घाम कशाचा हे कोण ठरवणार. बायकोनं शेजाऱ्यांना उठवलं, त्यांनी गाडी काढली, पंधरा मिनिटांत आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. छातीला थंडगार जेल लावून ईसीजी काढला, रक्त घेतलं, काही तासांनी पुन्हा घेतलं. सगळं नॉर्मल. बीपी तेवढं १७० आणि १०४. पहाटे एक तरुण डॉक्टर आला, अगदी पोरगाच, रात्रभर जागलेला, आणि कागदावरून नजर न काढता म्हणाला, "हार्टचं काही नाही काका. टेन्शन असेल. टेन्शन नका घेऊ." त्या पोराचा मला राग नाही, त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. पण बाहेर येऊन बायकोनं विचारलं, "कशाचं टेन्शन?", तर मी म्हणालो, "काही नाही गं, उन्हामुळे असेल."

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवतो, छातीत दुखलं तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसून राहू नका. आधी ईसीजी, मग बाकीचं. मनाचं दुःख हृदयाला खरोखर इजा करू शकतं, याला डॉक्टरांच्या पुस्तकात नावसुद्धा आहे. १९९० मध्ये जपानच्या डॉक्टरांनी ‘ताकोत्सुबो’ नावाचा प्रकार नोंदवला. मोठा धक्का बसल्यावर, जवळचं माणूस गेल्यावर, हृदयाचा खालचा भाग अचानक फुग्यासारखा फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही, लक्षणं हुबेहूब हार्ट अटॅकची. जपानात ऑक्टोपस पकडायचं अरुंद गळ्याचं मडकं असतं त्याला ताकोत्सुबो म्हणतात, फोटोत हृदय तसं दिसतं म्हणून हे नाव. पाळी थांबलेल्या वयाच्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. बहुतेक जण बरेही होतात. आपल्याकडे नवरा गेल्यावर आठवड्याभरात गेलेल्या म्हाताऱ्या आज्यांच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत, त्यातल्या कोणाला काय झालं होतं आता कोण सांगेल.

त्या रात्रीनंतर मी वाचायला लागलो. हिशेबाचा माणूस आहे, कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते. धोका दिसला की मेंदूकडून तिला निरोप जातो आणि ती आधी ॲड्रेनलिन आणि मग कॉर्टिसोल ही हार्मोन्स रक्तात सोडते. हे मी एकदा पूर्ण जागेपणी अनुभवलं आहे. वर्धा रोडवर चिचभुवनजवळ रात्री बाईकसमोर अचानक बैल आडवा आला होता. ब्रेक कसा दाबला आठवत नाही, पण थांबल्यावर हँडल धरलेले हात लोखंडासारखे, घसा कोरडा, छाती धाडधाड, आणि पुढची वीस मिनिटं गुडघे लटलट कापत होते. मग चहा प्यालो, हळूहळू सगळं उतरलं. शरीरानं जे करायला हवं तेच केलं होतं, रक्त पोटातून काढून हातापायांत पाठवलं, यकृतातली साखर रक्तात सोडली, हृदयाला पळवलं. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनननं शंभरेक वर्षांआधी या तयारीचं वर्णन केलं, लढा नाहीतर पळा. बैल निघून गेला की तयारीही मोडते.

पण पाच तारीख निघून जात नाही ना. एक गेली की दुसरी येते. माझ्या शरीराला हप्ता काय, ईमेल काय, काही कळत नाही, त्याला फक्त बैल कळतो, आणि तो बैल तीन महिने माझ्यासमोर रस्त्यात आडवा उभा होता. कॉर्टिसोल खरं तर सकाळी उठायच्या सुमारास चढतं आणि रात्री उतरतं, ते उतरायचं विसरलं की झोप मोडते, बीपी चढतं, साखर चढते, आणि रोगाशी लढायची ताकद दबून जाते. १९३६ साली माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञानं उंदरांवर प्रयोग करताना पाहिलं की उंदराला थंडीत ठेवा, जखम करा, जास्त पळवा, नाहीतर विष टोचा, त्रास कसलाही द्या, आत दिसतं तेच, किडनीवरची ग्रंथी सुजलेली, रोगप्रतिकाराची थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि पोटात व्रण. त्रास वेगवेगळे पण शरीराचं उत्तर एकच. आज आपण ज्याला स्ट्रेस म्हणतो त्या कल्पनेची सुरुवात इथून झाली.

आता पोटातल्या व्रणाचा विषय निघालाच तर हेही सांगतो, की सगळंच टेन्शनच्या नावावर टाकणंही बरोबर नाही. कितीतरी वर्षं अल्सर म्हणजे टेन्शन आणि तिखट असंच मानत होते, आपल्या नागपुरात तर सावजीच्या रश्शावर सगळा दोष. मग ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे होतात. मार्शलनं तर खात्री पटवायला ते जंतू स्वतः पिऊन पाहिले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. म्हणून पोट दुखत असेल तर तपासून घ्या, जंतू निघाला तर औषधानं जातो.

वाचता वाचता एका ठिकाणी मी थबकलो. ओहायोमधला १९९५ चा अभ्यास. स्मृतिभ्रंश झालेल्या घरच्या माणसाची सेवा करणाऱ्या १३ बाया आणि त्यांच्याच वयाच्या, तसं ओझं नसलेल्या १३ बाया. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी सारखी जखम केली आणि ती कधी भरते हे मोजलं. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले.

मला माझी ताई आठवली. ताईच्या सासूबाई शेवटची चार वर्षं कोणालाच ओळखत नव्हत्या, रात्री उठून दार वाजवायच्या, ताईला चोर म्हणायच्या. त्या काळात विळीवर ताईचं बोट कापलं होतं आणि ते महिना झाला तरी भरत नव्हतं, आम्ही सगळे साखर तपास साखर तपास म्हणून तिच्या मागे लागलो, साखर नॉर्मल निघाली, तर मग आम्ही म्हणालो, तू पाण्यात हात फार घालते. चार वर्षांत आमच्यापैकी कोणी एक आठवडा जाऊन राहिलं नाही की ताई, तू झोप, आम्ही बघतो. हे लिहिताना मला लाज वाटते. ती पट्टी बांधलेली तर्जनी मला अजून दिसते, पिवळी पडलेली, हळदीच्या डागाची, आणि त्याच हातानं ती आम्हाला चहा देत होती.

आपली भाषा मात्र हे आधीपासून ओळखून आहे. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, हातपाय गळतात, काळजाचं पाणी होतं, घशाला कोरड पडते, डोक्याला ताप होतो. एकही शब्द मनाचा नाही, सगळे शरीराचे. आणि उलट बाजूनं बघितलं तरी तेच. पोटाशी धरणं, उराशी लावणं, कुशीत घेणं, पाठीशी उभं राहणं, हात देणं. दुःख ज्या जागी येऊन बसतं, माया त्याच जागी हात ठेवते. आणि आम्ही काय केलं, ती सगळी माया उचलून एका वाक्यात टाकली, टेन्शन नको घेऊ, आणि ते वाक्य दुरून, फोनवरून, गाडीवर बसल्या बसल्या फेकायला सुरुवात केली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आई काटोलहून आली. कुरोड्यांचा डबा, लोणच्याची बरणी आणि तिची ती कापडी पिशवी. हॉस्पिटलचं तिला फोनवर सांगितलं नव्हतं, तिला कुठून कळलं ते तिनं आजवर सांगितलेलं नाही. तिनं काही विचारलंही नाही. तिसऱ्या रात्री मी नेहमीप्रमाणे तीनला उठून हॉलमध्ये येऊन बसलो. आई दिवाणावर झोपलेली, मला वाटलं झोपलेली. अंधारात तिचा आवाज आला.

"झोप येऊन नाही राहिली का तुले?"

"येईल गं. तू झोप."

"इकडे ये."

मी खाली सतरंजीवर तिच्या दिवाणाला टेकून बसलो. तिनं बनियनच्या आत मानेखाली हात घातला आणि पाठीवरून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. आईचा तळहात खरखरीत आहे, संत्र्याच्या बागेत आयुष्य गेलं तिचं, अंगठ्याच्या मुळाशी एक घट्टा आहे, तो घट्टा मणक्याच्या बाजूनं जाताना वेगळा कळतो. हात अजिबात घाईत नव्हता. मानेपासून कमरेपर्यंत जायला त्याला किती वेळ लागत होता काय सांगू, मला आठवतं की एकदा हात खाली पोचेपर्यंत कूलरच्या पाण्याचा पंप बंद होऊन परत सुरू झाला असं मला वाटलं. ती काही बोलली नाही. मीही नाही. मग केव्हातरी माझे खांदे खाली आले. ते वर चढलेले आहेत हेच मला माहीत नव्हतं, ते खाली आले तेव्हा कळलं. आणि जबडा सुटला. चार महिन्यांत पहिल्यांदा वरचे दात खालच्या दातांपासून वेगळे झालेले मला जाणवले.

खूप नंतर मी वाचलं की आपल्या पाठीच्या, हाताच्या, जिथं बारीक लव असते त्या कातडीत एक वेगळ्याच जातीचे मज्जातंतू असतात. टोचलं-भाजलं हे सांगणारे वेगळे, हे वेगळे. हळू फिरणाऱ्या हातालाच ते चांगलं उत्तर देतात, सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर या वेगानं, आणि तेही हात अंगाइतका कोमट असेल तर सगळ्यात जास्त. घाईत चोळलं तर त्यांचं उत्तर कमी होतं, हात एकाच जागी ठेवून दिला तरी कमी होतं. म्हणजे मायेचा एक वेग असतो आणि तो शरीराच्या तारांमध्ये आधीच बसवलेला आहे. आईला हे कोणी शिकवलं नव्हतं.

सकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. एफडीसकट. स्वयंपाकघरात, ती कणीक मळत होती. मला वाटलं होतं ती रागावेल, आणि रागावलीच, पैशावरून नाही, "तीन महिने मी रोज कोणाशी बोलत होती मग?" असं म्हणाली आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं. मग कणकेच्या हातानंच तिनं माझं मनगट पकडलं आणि सोडलं नाही. पीठ वाळून माझ्या हातावर पापुद्रे धरेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. परिस्थिती तीच होती, पगार आलेला नव्हता, पाच तारीख तोंडावर, पण आता बैलासमोर दोघं होतो.

याचा खरोखरीचा प्रयोग झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि त्यांच्या सोबत्यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. १६ विवाहित बायकांना एमआरआयच्या मशीनमध्ये झोपवलं आणि सांगितलं की अमुक खूण दिसली तर पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो. एकदा कोणाचाच हात धरलेला नाही, एकदा अनोळखी माणसाचा, एकदा नवऱ्याचा. खूण तीच, झटक्याची भीती तीच, पण नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ स्पष्ट कमी झाली, अनोळखी हातानंही थोडी झाली, आणि ज्यांचं आपसात जास्त पटत होतं त्यांच्यात ती सगळ्यात जास्त शांत झाली. मला यातलं हे महत्त्वाचं वाटतं की झटका कोणी काढून टाकला नव्हता. तो येणारच होता. मेंदूनं फक्त एवढंच मोजलं, मी एकटी आहे की नाही.

आणि हे मला नवीन असायचं काही कारणच नव्हतं. माझी मुलगी सातव्या महिन्याच्या शेवटी झाली होती, १६०० ग्रॅमची. माझ्या हाताच्या पंज्यापेक्षा जरा मोठी. बायकोचं सिझर झालेलं, तिला उठता येत नव्हतं, तर नवजात बाळांच्या आयसीयूतल्या सिस्टरनं मला खुर्चीत बसवलं, "शर्टाची बटणं काढा" म्हणाल्या, आणि नुसता लंगोट-टोपी घातलेलं ते पिल्लू माझ्या उघड्या छातीवर उभं ठेवून वरून कापडानं बांधलं. मी श्वास घ्यायलाही भीत होतो. तिचा श्वास आधी अडखळत चालला होता, दोन भरभर, मग एक थांबा, मग पुन्हा. तासाभरानं तो माझ्या श्वासाच्या मागोमाग चालायला लागला. मॉनिटरवरचा आकडा स्थिर झाला. सिस्टर जाता जाता म्हणाल्या, "बघा बाबा, मशीनपेक्षा तुम्ही चांगले." याला कांगारू मदर केअर म्हणतात, १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी सुरू केलं. नंतर भारतासकट पाच देशांत केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्यावर लगेच असं छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांमधले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. ज्या शरीराला एवढं साधतं, ते मोठं झाल्यावर बदलतं थोडंच. आपणच ते वापरायचं बंद करतो.

आपल्या घरातल्या पुरुषांचं तर फार वाईट आहे. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की बापाचा हात त्याच्यावरून उठतो तो उठतोच. माझे वडील प्रेमळ होते, सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून त्यांनी मला काटोलची सगळी जत्रा दाखवली होती, पण मी सातवीत गेल्यावर त्यांचा स्पर्श मला आठवत नाही. वाकून नमस्कार करायचो तेव्हा माझा हात त्यांच्या पायाला आणि त्यांची बोटं क्षणभर माझ्या केसांना, तेवढंच वर्षातून चार-पाचदा. शेवटच्या आजारपणात त्यांना कूस बदलायला मदत करताना मी त्यांना पहिल्यांदा मिठीत घेतलं. तीस वर्षांनी. त्यांचं अंग किती हलकं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं, आणि सरळ झोपवल्यावरही हात लवकर सोडला नाही.

ज्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खी जुनी वस्ती मारबतीचे पुतळे घेऊन रस्त्यावर उतरून "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडते, त्या गावातले आम्ही पुरुष घरात आपली पिडा ओठावर येऊ देत नाही.

सगळेच असे नाहीत पण. कॉलेजचा एक मित्र आहे माझा. जूनमध्येच एका संध्याकाळी फुटाळा तलावावर भेटला, मला बघून म्हणाला, "काऊन बे, कसा दिसून राहिला तू?" मी सांगायला लागलो. तो आपल्या कट्ट्यावर बाजूला बसला, हात माझ्या मानेवर ठेवला, कॉलेजात ठेवायचा तसाच, आणि सगळं ऐकून होईपर्यंत उचलला नाही. मला वाटलं आता येईल ते वाक्य. तो म्हणाला, "किती कमी पडून राहिले?" दुसऱ्या दिवशी दोन हप्त्यांचे पैसे त्यानं आणून दिले. हे मुद्दाम सांगतो, कारण मायेचा हात म्हणजे नुसतं कुरवाळणं नाही, ज्या बैलानं रस्ता अडवला आहे त्याचं शिंग धरायला येणं हीसुद्धा मायाच आहे, आणि माझं बीपी त्या आठवड्यात पहिल्यांदा १५० च्या खाली आलं.

गोळी मी अजून घेतो, रोज सकाळी एक. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती सोडायची नाही, कोणी कितीही प्रेम केलं तरी. नोकरी बदलली, आता पगार वेळेवर होतो. दात खाणं कमी झालं, पूर्ण गेलं नाही, रात्री दातांवर प्लास्टिकचं कव्हर घालून झोपतो. आणि प्रत्येकाला हात लावून घेणं आवडतंच असंही नाही, नको असलेला हात हे स्वतःच एक टेन्शन आहे, हे बायांना जास्त चांगलं माहीत आहे. विचारावं, थांबावं. ज्यांना घरात कोणालाच सांगता येत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. बोलणारा आवाजही एक प्रकारे हातच आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या माळ्यावर एक काका राहतात. काकू गेल्या, मुलगा हैदराबादला, मुलगी परदेशात, नागपुरात अशी घरं आता प्रत्येक कॉलनीत आहेत. सकाळी गेटजवळ भेटले की काका हात मिळवतात आणि सोडत नाहीत. आधी मला ते अवघड व्हायचं, ऑफिसला उशीर होतो आणि हात काकांच्या हातात, ते आपले पाण्याच्या टँकरविषयी बोलत आहेत. मी हळूच सोडवून घ्यायचो. मग कधीतरी कुठं तरी वाचलं की २०१० मध्ये १४८ अभ्यासांतल्या ३ लाखांवर माणसांची माहिती एकत्र करून पाहिली, तर ज्यांचे माणसांशी घट्ट संबंध होते त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. त्यानंतर मी काकांचा हात सोडवून घेत नाही. त्यांना सोडावासा वाटेल तेव्हा ते सोडतात. माझ्या मोजणीप्रमाणे दीड मिनिट. टँकरविषयी मला आता बरंच कळतं.

मुलगी यंदा दहावीला आहे. तीच, १६०० ग्रॅमची. प्रीलिम सुरू झाली आणि रोज पेपरच्या आदल्या रात्री तिचं पोट दुखायला लागलं. परवा गणिताचा पेपर होता. रात्री साडेअकराला ती वह्या पसरून पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, तोंड उतरलेलं. "बाबा, पोटात नुसता गोळा आलाय. मला काहीच आठवत नाहीये." मी दारात उभा. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, इतक्या वर्षांची सवय. मी आत जाऊन तिच्या मागं बसलो, विचारलं, पाठीवरून हात फिरवू का. तिनं मान हलवली. पहिले दोन-तीन हात घाईत गेले, मलाच कळलं, मग आईचा हात आठवला आणि मी वेग कमी केला. मानेपासून खाली. पुन्हा वर. वहीचं पान पंख्यानं आपोआप उलटत होतं, ते तिनं सरळ केलं नाही.

"जरा खाली," ती म्हणाली. "हां. तिथंच."